पुस्तकातले अडीच गुंठे

आमच्या घराला बाग नाही. तिसऱ्या मजल्यावर एक गॅलरी आहे. तिच्यात वॉशिंग मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक तुळस एकमेकांना सांभाळून घेत राहतात. तरी रात्री जेवणं आटोपली की मी खुरपणी करते, वाफे बांधते, गारठलेल्या मातीत बोट घालून ओल पाहते. हे सगळं दिव्याखाली, उशीला टेकून आणि दुसऱ्याच्या बागेत. बागकामाच्या आठवणी वाचायचा मला नाद लागला आहे. ‘एवढं वाचतेस, तर एखादं मिरचीचं रोप तरी लाव,’ असं घरातून सुचवलं जातं. मी मान हलवते आणि पान उलटते. युद्धकथा वाचणाऱ्याला कुणी तलवार आणायला सांगत नाही.

या पुस्तकांतली खरी गंमत फुलांत नसते. गुलाब फुलला की लेखकाची भाषा लग्नाच्या अल्बमसारखी होते. सगळेच छान दिसतात आणि पाहणाऱ्याला जांभई येते. गोगलगायी निघाल्या की मात्र गद्यात जीव येतो. इंग्लंडात ज्यांना अंगण नाही त्यांना भाजीपाला लावायला जमिनीचा तुकडा भाड्यानं मिळतो, त्याला अ‍ॅलॉटमेंट म्हणतात. १९०८ च्या कायद्यानं ही सोय करणं स्थानिक मंडळांच्या गळ्यात घातलं. तुकड्याचं रूढ माप दहा रॉड, म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा. मी हिशेब मांडून पाहिला, तर बरोबर अडीच गुंठे! आपल्याकडे अडीच गुंठ्यांवरून भावाभावांत तीन पिढ्या तारखा पडतात. तिथे तेवढ्यावर पुस्तकं पिकतात. आणि त्या पुस्तकांत रात्री विजेरी घेऊन फिरणारे सज्जन गृहस्थ असतात, जे मातीत बशी पुरून तीत बिअर ओततात. वासाला भुलून गोगलगाय येते आणि बुडते. तिच्या पोटात पाय असतात हे लहानपणापासून ऐकत आले होते. बिअरही असते, हे उतारवयात कळलं.

या प्रांतातला माझा लाडका म्हणजे प्रागचा कारेल चापेक. ज्याच्या १९२० च्या नाटकानं जगाला ‘रोबो’ हा शब्द दिला, तोच हा माणूस. यंत्रमानवाची भीती घालून झाल्यावर १९२९ साली त्यानं बागेवर पुस्तक काढलं, महिन्यामागून महिना सरकणारं. चित्रं भाऊ योसेफची. त्यातला माळी सदा ओणवा, त्यामुळे जगाला त्याची ओळख पाठीमागूनच. पाण्याची रबरी नळी त्याच्या हातात आली की झाडं कोरडी आणि माळी चिंब. आपल्या दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ही महिन्यांचंच. पण दुर्गाबाई महिना पाहतात, चापेक तो खणतो. एकापाठोपाठ एक वाचावीत अशी ही दोन पुस्तकं आहेत. आधी डोळे निवतात, मग कंबर दुखायला लागते.

माझी खरी नातलग मात्र निघाली एलिझाबेथ फॉन आर्निम. हिचं बागेचं पुस्तक १८९८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापलं गेलं. नवरा जर्मन सरदार घराण्यातला, इस्टेट मोठी, पदरी माळी. त्यामुळे बाईसाहेबांनी फावडं धरणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. एका रविवारी नोकरमाणसं जेवायला बसलेली पाहून ही फावडं आणि दाताळं घेऊन गुपचूप बाहेर पडली, घाईघाईनं वीतभर जमीन उकरली, त्यात वेलीचं बी टाकलं आणि घामाघूम होऊन घरात पळाली. खुर्चीत बसून तिनं तोंडासमोर पुस्तक धरलं, जणू सकाळपासून कंटाळून वाचतच बसली होती! हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवून मोठ्यानं हसले. तिनं खणणं लपवायला पुस्तक धरलं होतं. मी गेली कित्येक वर्षं तेच पुस्तक धरून बसले आहे, त्यामागे खणणं तेवढं राहून गेलं.

कॅथरीन व्हाइट ही ‘न्यूयॉर्कर’ची संपादक. हिनं १९५८ पासून त्या साप्ताहिकात बियाणेवाल्यांच्या कॅटलॉगांची परीक्षणं लिहिली, कादंबऱ्यांची लिहावीत तशी: अमक्याची शैली भारदस्त, तमक्याला विशेषणांचा सोस. ती गेली १९७७ मध्ये. दोन वर्षांनी लेखांचं पुस्तक झालं, त्याला प्रस्तावना नवऱ्याची. तीत शरदातली, कंद पुरायच्या दिवसाची हकीकत आहे. अंगावर जुना रेनकोट, हातात आराखडा. आजारानं थकलेली कॅथरीन वाफ्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून कुठला कंद कुठे जाईल ते सांगते आहे. तो फुललेला पाहायला आपण असूच असं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. या पानापाशी मी दर वेळी थांबते, आणि दर वेळी मला तिथे आजी दिसते.

आजीचं परस रत्नागिरीकडचं. मोरीच्या पाण्यावर अळू, विहिरीकडेला केळी आणि मधे पडवळाचा मांडव. पडवळ वेडंवाकडं वळू नये म्हणून त्याच्या टोकाला ती सुतळीनं दगड बांधायची. सकाळी मांडवाखाली जावं तर दहाबारा दगड अधांतरी लोंबत असत. आभाळ सरळ बसलंय की नाही हे पाहायला गवंड्यानं ओळंबे सोडावेत तसे. मृगात ती संध्याकाळी कंदील आणि मिठाची करवंटी घेऊन निघे. ‘मेल्यांनो, तुम्हाला माझंच अळू सापडतं काय गो?’ एवढं तिचं गोगलगायींवरचं वाङ्मय. बिअरचा खर्च नव्हता.

ती गेल्यावर फडताळात तिची दुधाच्या हिशेबाची वही सापडली. दूध दीड शेर. दूध दीड शेर. अळू फुटलं. दूध दीड शेर. पाऊस नाही. गवळी आला नाही. दोडक्याला कळी. दूध एक शेर. पडवळाला दगड बांधले. अशी पानंच्या पानं, पेन्सिलीनं, कुठे हळदीचं बोट. शेवटच्या पानावर दुधाचा आकडा नाही. ‘पडवळाचं बी राखलं’ एवढंच आहे.

वही मी चापेक आणि एलिझाबेथ यांच्या मधे लावून ठेवली आहे. मिरचीचं रोप अजून आणलेलं नाही.