हवा सोडली जाईल

१९४५ साली अमेरिकेच्या युद्धखात्याच्या एका पत्रकात कर्नल विल्यम मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाने काही सैनिकांबद्दल तक्रार केली. हे सैनिक हुकूम उघड मोडत नाहीत. तोंड फुगवतात, चालढकल करतात, सांगितलेलं काम करतात पण असं करतात की सांगणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा. या वागण्याला ‘पॅसिव्ह-अ‍ॅग्रेसिव्ह’ हे नाव मिळालं. १९५२ साली ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत चढलं आणि १९९४ साली त्याची रवानगी परिशिष्टात झाली. कर्नलसाहेब वर्षभर पुण्याच्या सदाशिव पेठेत भाड्याने राहिले असते, तर यादीत घालण्याचा आणि काढण्याचा दोन्ही खर्च वाचला असता. आमच्याकडे याला आजार म्हणत नाहीत. शिस्त म्हणतात.

मी स्वतः या शिस्तीतला जाणकार आहे. आमच्या सोसायटीच्या फलकावरचा मजकूर माझा असतो आणि तो माझाच आहे हे मी कुणाला सांगत नाही. फक्त कुणी वाचत असलं की मी तिथे किल्ल्या शोधतो.

पुणेरी पाटीची लोक उगाच नुसती थट्टा करतात. तिचं व्याकरण कुणी पाहत नाही. ‘फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.’ पाहा, कोण सोडणार? कर्ता गायब. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना बाईंनी रामाकडून रावण मारवला होता, पण इथे रामही नाही. हवा जाईल, एवढं खरं. ती पहाटे कुठला निवृत्त सज्जन टाचणी घेऊन सोडेल, यावर वाक्य मौन पाळतं. मग येतो विध्यर्थ: लावू नये, वाजवू नये, विचारू नये. ‘लावू नका’ म्हटलं की समोर माणूस आहे हे मान्य करावं लागतं. ‘लावू नये’ हे थेट धर्मशास्त्रातून आल्यासारखं वाटतं. आणि शेवटी खरी कलाकुसर, ती म्हणजे कारण. सामान्य लेखक ‘बेल एकदाच वाजवावी’ इथे थांबतो. जातिवंत लेखक पूर्णविराम देऊन पुढे लिहितो, ‘आतील मंडळी वृद्ध आहेत, बहिरी नाहीत.’ या दुसऱ्या वाक्यासाठीच पहिलं लिहायचं असतं. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या अजरामर ओळीत तर राग, अभिमान आणि न केलेल्या विस्ताराचं समाधान चार शब्दांत बसवलंय. मी यावर आणखी पुष्कळ बोलू शकतो. घरात आता कुणी ऐकत नाही.

तर, तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आपली स्कूटर रोज माझ्या जागेत लावायचा. मी दोन रात्री खपून मजकूर केला: ‘ही जागा मोकळी दिसते, कारण तिचा मालक सभ्य आहे. सभ्यतेलाही पार्किंग लागते.’ सुवाच्य अक्षरात, लॅमिनेट करून लावला. मुलाने तो वाचला, मनापासून हसला, फोटो काढला आणि स्कूटर तिथेच लावून वर गेला. आठवड्याने माझ्या नागपूरच्या मेव्हण्याने मला तोच फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘पुण्यातले एक आजोबा!!’

स्कूटरचं मला काही वाटेनासं झालं. पण आजोबा?

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या कोल्हापूरच्या वहिनींनी गॅलरीतून खाली पाहिलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ए पोरा, गाडी काढ की तिथनं. काकांची जागा हाय ती.” पोराने काढली. कारण नाही, विध्यर्थ नाही, लॅमिनेशन नाही. वहिनी आत जाऊन कांदा चिरायला लागल्यासुद्धा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. (दुसऱ्या दिवशी स्कूटर परत माझ्याच जागेत होती, हे पाहून थोडं बरं वाटलं.)

असं तोंडावर बोलणं पुण्याला जमतच नाही असं नाही. सरकारचं डोकं ठिकाणावर आहे का, हा १८९७ सालचा टिळकांचा सवाल ‘केसरी’तूनच, म्हणजे इथूनच गेला होता. त्यात कर्ता होता आणि त्याच वर्षी तुरुंगवासही झाला. बहुधा तेव्हापासून बाकीच्यांनी कर्ता गाळायला सुरुवात केली असावी.

आमच्या घरी तर तो पिढीजात गाळलेला. शनिवार पेठेतल्या वाड्यात वडील आणि थोरले काका एका नळावर आणि अबोल्यावर राहत होते. नळापाशी खिळ्याला पाटी टांगलेली. काका लिहायचे, ‘नळ घट्ठ बंद करावा.’ वडील खाली लिहायचे, ‘घट्टमधील ट ला ट जोडावा, ठ नव्हे.’ भांडण कशावरून सुरू झालं हे दोघांनाही आठवत नव्हतं, असं आजी सांगायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी बोळात शिरलं, तेव्हा काका जिन्यावरून ओरडले, “धाकट्या, आईला उचल!” नाव घेऊन हाक मारायलाही वेळ नव्हता. दोघांनी मिळून आजीला उचललं, वरच्या आळीला नेलं, रात्रभर एका पांघरुणात बसले. पुढे कित्येक दिवस खडकवासल्याचंही धरण गेल्यामुळे नळ कोरडे होते, गावभर चिखल उपसणं चालू होतं, आणि ते दोघे एकाच घमेल्याने गाळ काढत बोलत होते. वाडा खचला तरी आजी त्या दिवसांबद्दल सणासुदीसारखी बोलायची.

मग नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी काकांनी नवी पाटी आणली.

हे ऐकताना मी लहानपणी पोट धरून हसायचो. आता आमच्या घरात “काही नाही, मी करून घेईन” हे बायकोचं वाक्य स्वयंपाकघरातून आलं की मला तो नळ दिसतो. मी उठून आत जातो, “काय झालं, सरळ सांग” म्हणतो. उत्तर येतं, “कुठे काय?” मग मी तिथेच ओट्यापाशी उभा राहतो आणि न सांगता कोथिंबीर निवडायला घेतो. देठं कशी ठेवलीत यावरून ती बोलायला लागते. तिथून पुढे मूळ मुद्द्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण पोचतो.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा घरी आला. त्याची आई डबे सुरू करतेय, पाटी हवी होती. “काका, तुमच्या स्टाइलची. डबा उशिरा परत करणाऱ्यांना लागेल अशी.” कुणी मागून घ्यावा असा आपला मजकूर! मी चष्मा पुसला, पेन काढलं, आणि त्या नादात तोंडातून निसटलं, “लिहितो. आधी ती गाडी काढ.”

त्याने काढली. आता ती शेजारच्या ब्लॉकवाल्या कुलकर्ण्यांच्या जागेत असते. काल कुलकर्णी जिन्यात भेटले, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, एखादा चांगला मजकूर सुचतोय का?