पाच नंबरचा तंटा

काँप्युटरमधून आवाज येत नसला की साधा माणूस स्पीकरचं बटण पाहतो, वायर हलवतो, मग पोराला हाक मारतो. लिनक्सवाले काकाजी यातलं काहीही करत नाहीत. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कार्ड कोणतं हाय?" तुम्ही म्हणता, माहीत नाही. त्यासरशी त्यांचा चेहरा असा खुलतो की आजचा दिवस गेला हे घरातल्या सगळ्यांना कळतं.

असे काकाजी अमरावतीत साधारण कॉलनीमागे एक निघतात. रुक्मिणीनगरात आहेत, कॅम्पात आहेत, साईनगरात तर दोन आहेत. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण लिनक्सचे पंथ वेगळे, एक डेबियनवाले आणि दुसरे रेड हॅटवाले. आमचे काकाजी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाले, पण त्यांची खरी नोकरी लागली ती नव्वदीच्या शेवटी, ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत आलेल्या लिनक्सच्या सीडीनं. फिनलंडच्या एका कॉलेजातल्या पोरानं १९९१ साली काँप्युटर चालवायची ही व्यवस्था सुरू केली आणि फुकट वाटली, एवढंच त्यांना पुरलं. "फुकट हाय म्हनून नाही," ते सांगतात, "उघडून पाह्यता येते म्हनून." त्यांच्या सीपीयूच्या झाकणाला तेव्हापासून आजवर एकही स्क्रू लागलेला नाही.

त्या काळच्या यंत्रातला खरा लढा होता नंबरांचा. प्रोसेसरला मध्येच थांबवून ‘माझं काम आधी कर’ म्हणायचा हक्क म्हणजे आयआरक्यू. असे हक्क फक्त सोळा, ० ते १५. त्यातला ० टायमरचा, १ कीबोर्डचा, ३ आणि ४ सिरियल पोर्टांचे, ६ फ्लॉपीचा, ७ प्रिंटरचा, १४ आणि १५ हार्डडिस्क नि सीडीचे. म्हणजे भरलेल्या पंगतीत उरलेले पाट चार-दोन. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १६ आलं की ते ५ नंबर मागणार, पत्ता २२० मागणार, शिवाय मेमरीशी थेट देवाणघेवाणीचे, म्हणजे डीएमएचे, दोन रस्ते, १ आणि ५. आणि नेटवर्क कार्डालाही नेमका ५ नंबरच आवडायचा. दोघांनी एकच नंबर धरला की दोघंही मुके.

सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली २००७ साली. काकाजी त्याच्या कितीतरी आधीपासून तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते, गाव तेवढं झाकणाच्या आत होतं. "पाचवर कोन बसलं पाह्यतो," म्हणत ते प्रॉक इंटरप्ट्सची यादी उघडायचे, बोटानं ओळी मोजायचे, आणि मग पडद्याशीच बोलायचे. "हा पाय, थो नेटवर्कवाला बसला. काहून बाप्पा? तुले दहा नंबर मोकळा हाय ना! जाय तिकडं." नेटवर्कवाला सांगून जायचा नाही. मग विक्सच्या रिकाम्या डबीतून चिमट्यानं एक जंपर निघायचा, नखाएवढा, आणि कार्डावर एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर बसवला जायचा. तो फरशीवर पडला की घरात झाडू मारायला बंदी.

विंडोज ९५ वापरणाऱ्यांना त्यांनी कधी माणसात धरलं नाही. "थे सोताच ठरवते. आपल्याले इचारतच नाही," ही त्यांची तक्रार. लिनक्स मात्र विचारायचं, फारच विचारायचं. पीएनपीडंप चालवला की कार्डाला काय काय चालेल याची लांबलचक यादी यायची, पण प्रत्येक ओळ हॅशच्या चिन्हानं बंद केलेली. हव्या त्या ओळींचं कुलूप हातानं काढायचं, नंबर टाकायचे, मग ड्रायव्हर चढवायला मॉडप्रोब. बहुतेक वेळा उत्तर एकच, ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. हे वाक्य काकाजींना इतकं पाठ झालं होतं की बँकेतून रिकामे परत आले तरी काकूंना तेच सांगायचे.

यापेक्षा वाईट म्हणजे अर्धवट जमणं. रेड हॅटमध्ये साउंडकार्ड बसवायचा एक प्रोग्राम होता. आपण नंबर सांगायचे आणि तो चाचणी म्हणून खुद्द लिनस टॉरवाल्ड्‌सचा, म्हणजे त्या फिनलंडच्या पोराचा, आवाज वाजवायचा. साहेब हॅलो म्हणून स्वतःचं नाव आणि लिनक्सचा उच्चार सांगतात. पण आयआरक्यू चुकला की कार्डाला पुढचा तुकडा मागताच येत नाही, पहिलाच तुकडा फिरत राहतो. एका दुपारी काकाजींच्या खिडकीतून ‘हॅलो, हॅलो, हॅलो’ एवढंच येत होतं, जेवणं झाली, वामकुक्षी झाली तरी. शेवटी शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन ओरडल्या, "अवं, कोनीतरी उचला नं तो फोन!" काकाजींना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "हॅलोपर्यंत पोचलो," ते म्हणाले. "म्हंजे डीएमए बराबर हाय."

काकूंचे भाऊ अकोल्याला, रतनलाल प्लॉटात. त्यांनाही काकाजींनी लिनक्सची दीक्षा दिली. साळ्याला हुंड्यात काही देता येत नाही, त्याची ही भरपाई असावी. रात्री अकरानंतर एसटीडी स्वस्त व्हायचा, तेव्हा हे दोघं फोनवर बसायचे. मे महिना, दिवसा पारा पंचेचाळीसच्या पुढं गेलेला, रात्रीही भिंती तापलेल्या, आणि खिडकीत कूलर गरगरतोय.

"आला का आवाज?"

"कोनता आवाज? कूलरचा येऊन राह्यला."

"मंग कूलर बंद कर नं, आयकू येईन."

"भाऊजी, कूलर बंद केला तं मीच बंद पडीन."

अकोल्यात उन्हाळ्यात साउंडकार्ड दुरुस्त करता येत नाही, हा शोध त्यातून लागला. पावसाळ्यात करावं तर लोडशेडिंग. लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल पुन्हा कंपाइल करायचं म्हणजे जुन्या पेंटियमवर तासांचं काम. पडद्यावर ओळी सरसर वर जात असायच्या, दोघंही दोन गावांत दोन खुर्च्यांवर ताटकळलेले, आणि शेवटच्या घटकेला पलीकडून एकच शब्द यायचा, "लाइन गेली." यावर काकाजी शिवी देत नसत. फोन ठेवून ते गिला वडा खायला निघून जात. दुःख मोठं असलं की दोन प्लेट.

पुढं पीसीआय कार्डं आली. एक नंबर अनेकांनी वाटून घ्यायची सोय झाली, जंपरची डबी देवघराच्या फळीवर गेली. काकाजी आता निवांत होतील असं काकूंना वाटलं. पण चेक देशातल्या यारोस्लाव किसेलानं अल्सा नावाची आवाजाची नवी व्यवस्था लिहिली, २००३ च्या अखेरीस २.६ कर्नलमध्ये ती जुन्या ओएसएसच्या जागी बसली, आणि तिनं सगळे चॅनेल मुद्दाम बंदच ठेवून दिले. तीन शहाणी माणसं अर्धी रात्र ड्रायव्हर बदलत बसायची आणि शेवटी अल्सामिक्सर उघडून एम दाबला की ‘एमएम’चं ‘ओओ’ होऊन गाणं सुरू. त्यानंतर सगळ्या प्रोग्रामांच्या आवाजाचा मध्यस्थ म्हणून पल्सऑडिओ आला, २००८ च्या उबुंटूबरोबर घरोघर पोचला, आणि ‘कार्ड कोन धरून बसलं?’ हा प्रश्न पुन्हा जिवंत झाला. काकाजींचा आवाज त्या वर्षी फार बरा लागायचा.

कॉलनीच्या गणपतीचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. मंडळानं डीजे नाकारला, आरती लॅपटॉपवरून लावायची ठरली, आणि काकाजी म्हणाले, "मी हाओ ना." लॅपटॉपला एचडीएमआयनं मोठा टीव्ही जोडला होता. त्या रात्री मशीन उठलं तेव्हा एचडीएमआयच कार्ड शून्य झालं आणि ज्याला ॲम्प्लिफायर लावला होता ते खरं कार्ड एकवर गेलं. आवाज गेला टीव्हीत, आणि टीव्हीचे स्पीकर बिघडलेले म्हणूनच तर तो मंडळाला दान मिळाला होता. ताटातले दिवे पेटलेले, माणसं उभी, काकाजी ओटीवर मांडी घालून टर्मिनलमध्ये. मग पोष्टातल्या एका मावशींनी टाळ उचलला आणि सगळ्यांनी तोंडानं आरती सुरू केली, खड्या वऱ्हाडी आवाजात, राजकमल चौकापर्यंत जावी अशी. मंत्रपुष्पांजली संपली, प्रसादाला हात पुढं झाले, तेव्हा ॲम्प्लिफायरमधून ‘सुखकर्ता’ गडगडला. दोन पोरं दचकून खाली बसली. काकाजी मात्र उभे राहिले. "इंडेक्स उलटा लागला होता," त्यांनी जमलेल्या सर्वांना सांगितलं. लोकांनी मान डोलावली. प्रसाद त्यांना दुप्पट मिळाला, हे अमरावतीचं खरं.

एवढ्या खटपटीनंतर ते ऐकतात काय, हे विचारू नये. मी पाहिलंय. आवाज आला की ते ‘अं’ म्हणतात, अर्धा अंतरा ऐकतात आणि बंद करतात. काकूंचा नाट्यसंगीताचा फोल्डर वर्षानुवर्षं चाचणीपुरताच वाजतो. दुसऱ्या दिवशी काकाजी नवीन आवृत्ती टाकतात.

परवा मी नवा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यात लिनक्स टाकलं, आवाज पहिल्या फटक्यात आला. काकाजींनी चष्मा खाली घेतला. प्रॉक इंटरप्ट्सची यादी काढली. नंबर थेट शंभराच्या पुढं गेलेले, बहुतेकांना आपापला स्वतंत्र, कुणाचं कुणाशी भांडण नाही. ते बराच वेळ वरखाली करत राहिले.

"एकशे पंचवीस, एकशे सव्वीस," ते पुटपुटले. "सगळेच श्रीमंत झाले लेकाचे." आणि झाकण मिटवलं.

आतून काकूंचा आवाज आला. "आयकून राह्यले का? दारावरची घंटी वाजत नाही हप्त्यापासून. थिचा आयआरक्यू पाहा जरा."

मला वाटलं, आता हे चिडणार. पण काकाजी सरळ होऊन बसले, चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "घंटी आन् व्हरांड्यातला बल्ब," त्यांनी विचारलं, "एकाच बोर्डावर हायेत काय वं?"