तीन वाघ, एक शेपटी

"वहिनी, काल दिवसभर कुलूप! कुठे गेल्या होत्या बाप्पा?"

"ताडोब्याला. रात्री निघालो, उमरेड, भिवापूर, चिमूर करत कोलारा गेटवर; गेट उघडायच्या आत हजर. सकाळी एक फेरी, दुपारी एक. घरी आलो तर आपलाच कुत्रा भुंकला, इतकी धूळ अंगावर!"

"वाघ दिसला?"

"थांबा ना, सांगून राहिली ना! जिप्सीत आपण सहा, वरून गाइड अन् ड्रायव्हर. आमच्यात कोपऱ्यावरच्या मावशी. जंगलात भडक गुलाबी साडी, अन् अत्तर! गाइड तिकडच्याच गावचा पोरगा. बोलला नाही काही, नुसता वास घेऊन गप्प बसला."

"अन् भाऊजी?"

"त्यांची तर मजाच. आत मोबाईल चालत नाही. दिवसभर माणूस माझ्याशी बोलला हो! उद्यान १९५५ सालचं म्हटल्यावर म्हणतात, आपल्या बाबांच्या वयाचं निघालं."

"अन् वाघ?"

"ऐका तर. रस्त्याच्या मातीत ताजी पावलं. तेवढ्यात वानर खेकसलं. मावशी उभ्याच! गाइड म्हणे, 'बसा मावशी. वानर बिबट पाहूनही ओरडते, चितळ तर उगाचही घाबरते. सांबर बोललं की पक्कं समजा.' इंजिन बंद. कोणी खोकेना. अन् खरंच, बांबूतून सांबर बोललं, 'ढांक!' माझ्या तर अंगावर काटा. मग पिवळं काहीतरी हललं, शेपटी दिसली, गेली."

"इतकंच?"

"वाघ इतकाच. पण तलावाच्या काठी मगर पाहिली, मस्त ऊन खात पडलेली. अन् तिथंच तारूचं ठाणं. गोंडांचा मुखिया, वाघाशी लढता लढता गेला, त्याचाच देव झाला, ताडोबा. पौषात जत्रा भरायची म्हणे. रस्त्याकडेला गोंड राजांच्या वेळचे दगडी खांबही आहेत. दोरी ओढून घंटा वाजवत राजाची वर्दी पुढे द्यायचे, असं गाइडनं सांगितलं. मावशी तेव्हा चिवडा काढून राहिल्या होत्या."

"त्या तर सकाळी चक्कीवर सांगत होत्या, तीन वाघ पाहिले!"

"तीन? अहो, शेपटी दिसली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले, तोंडात रामराम! अन् पुढच्या खेपेला मंगळवारी जायचं ठरवलं त्यांनी. गर्दी नसते म्हणे त्या दिवशी."

"मंगळवारी तर सफारी बंद असते ना?"

"असते ना. पण मी कायले सांगू?"