पुस्तकं शोकेसात, पोरगं आमच्या भिंतीवर

"ओ ताई, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात पेटीभर पुस्तकं आलीत."

वहिनी कपडे वाळत घालताना बातमी कधी एका दमात देत नाहीत. तोंडात चिमटे असतात. एक चादर, एक वाक्य, असा हिशेब. मी पाण्याचा पाइप वांग्याच्या आळ्यात सोडला आणि भिंतीशी गेले. साताऱ्याच्या गोडोलीतल्या आमच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंती छातीएवढ्याच आहेत, त्यामुळं कुणाच्या घरात काय आलं ते घरमालकाच्या आधी शेजाऱ्याला कळतं.

"कसली पुस्तकं?"

"संस्काराची. थोर पुरुषांची चरित्रं, बोधकथा, वर सामान्य ज्ञान. पोरगं आत्ता तिसरीत गेलंय."

"वाचतंय का मग?"

"कशाचं वाचतंय! शोकेसात लावल्यात. काचेला कुलूप. पानं मळतात म्हणं."

आता मला कळलं, ते पोरगं रोज संध्याकाळी आमच्या भिंतीवर पाय सोडून का बसतं ते. त्याला वाटतं मला दिसत नाही. पायरीवर ठेवलेला 'किशोर'चा अंक तो हळूच उचलतो, दोन पानं वाचतो आणि आईची हाक आली की जसाच्या तसा ठेवतो. बालभारतीनं 1971 साली सुरू केलेलं हे मासिक, जुने अंक तर आता त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण कुलपातल्या गठ्ठ्याची किंमत मोठी, म्हणून मान मोठा.

"चुकलं काय त्यांचं?" वहिनींनी दुसरी बाजूही घेतली. गप्पांत ती घ्यावीच लागते. "आपल्याला कळत नाही, तर दुकानदार देईल ते आणायचं. निदान मोबाइल तर आणला नाही."

खरं आहे. पण नंतर त्या पोराच्या आईला मी सहज विचारलं, यातलं एखादं तुम्ही वाचलंत का? त्या म्हणाल्या, "अहो, लहान मुलांची आहेत ती!" तिथंच मेख आहे. मुलासाठी पुस्तक निवडायची माझी कसोटी एकच: दुकानात उभ्याउभ्या चार पानं स्वतः वाचायची. आपल्याला पुढं काय झालं हे बघावंसं वाटलं तर घ्यायचं. आपल्याला जांभई आली तर पोराला का येणार नाही? माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' उघडून बघा. चित्रंही त्यांचीच. त्यात उपदेश औषधालाही नाही. घरातली माणसं आहेत, त्यांच्या सवयी आहेत, आणि मोठ्या माणसालाही हसू येतं. बालवाडीतलं पोर ते शंभरदा वाचायला लावतं. शंभराव्यांदा वाचायची आपली तयारी असली पाहिजे, हाही निवडीचाच भाग.

"शंभरदा म्हणजे काय, आमच्या धाकट्यानं तर माझं डोकं उठवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी एक ओळ गाळली की लगेच म्हणायचा, तू खोटं वाचलंस."

वहिनी माहेरच्या पलूसकडच्या. तिकडची बातमी त्यांना आमच्या आधी लागते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं त्यांनीच मला सांगितलं, पेपरात यायच्या आधी. करोनात शाळा मोबाइलमध्ये गेली आणि शाळा परत उघडल्यावरही पोरं मोबाइलमध्येच राहिली, म्हणून 2022 साली गावानं ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की सगळ्या गावानं टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, ते साडेआठपर्यंत. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, वाचायचं, नाहीतर बोलत बसायचं.

"सात ते साडेआठ!" मागून वहिनींच्या सासूबाईंचा आवाज आला. आजी पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या आणि शब्दन् शब्द ऐकत होत्या. "म्हंजे माझी मालिका गेली की."

"तुमचीच जायला पाहिजे, आई. पोरांची काय, ती तुमच्याच मांडीवर बसून बघतात."

आजींनी लसणाच्या सालांकडं बघितलं. मला मात्र त्या भोंग्यातली हीच गोष्ट पटते. भोंगा पोरांसाठी वाजत असेल, पण बंद होतो तो आई-बापाचा टीव्ही. एरवी आपण हातात रिमोट धरून "जा, वाचत बस" म्हणतो, आणि पोराला वाचणं म्हणजे खोलीबाहेर काढल्याची शिक्षा वाटते. आता प्रत्येक गल्लीत भोंगा लावता येणार नाही. आमच्याकडं लावला तर समोरचे आण्णा पोलिसात जातील.

पण भोंग्याशिवायही वाचणं जमतं, हे वहिनींना मे महिन्यात कळलं. सगळ्यांना घेऊन त्या भिलारला गेल्या होत्या. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना लागतं ते. स्ट्रॉबेरीचं गाव आधीपासूनचं, पुस्तकांचं झालं ते 4 मे 2017 पासून. राज्य मराठी विकास संस्थेनं गावातल्या घराघरांत, देवळात, शाळेत मिळून पंचवीस ठिकाणी कपाटं दिली. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात चरित्रं, एका घरात बालसाहित्य. बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतलेली. पण तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, गाव विक्रीवर चालतं. रिचर्ड बूथ नावाच्या तिथल्या एका दुकानदारानं तर 1977 साली एक एप्रिलला स्वतःला त्या गावचा राजा जाहीर करून टाकलं होतं. भिलारला राजा नाही आणि विक्रीही नाही. कुणाच्या तरी पडवीत बसून वाचायचं, घरची माणसं आत-बाहेर करत असतात, कुकरची शिट्टी होते.

"मग पोरांनी काय वाचलं?"

"थोरलीनं वाचलं. धाकट्यानं स्ट्रॉबेरी खाल्ली. पण ऐका तर ताई, आमच्या ह्यांना कुणीतरी 'फास्टर फेणे' हातात दिलं. माणूस उठेना! बस पकडायची तर हे म्हणतात, एवढं प्रकरण होऊ दे."

मला हे ऐकून इतकं बरं वाटलं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बन्या, सायकलवरून सुसाट जाणारा, जिभेनं 'टॉक्' आवाज काढणारा. वहिनींचे 'हे' बँकेत हिशेब बघणारे गंभीर गृहस्थ. घरी येताना बसमध्ये ते धाकट्याला फेणेच्या उचापती सांगत होते म्हणे, आणि गाडी साताऱ्याच्या स्टँडात शिरली तशी गोष्ट अर्धवट थांबली. दुसऱ्या दिवशी धाकटा स्वतःहून म्हणाला, ते पुस्तक आणा. भिलारला पुस्तक घरी नेता येत नाही, हे त्या वेळी किती बरं झालं!

पुस्तकांच्या गावाची योजना नंतर वाढवली, तेव्हा त्यात सांगली जिल्ह्यातलं, वहिनींच्या माहेराकडचं, औदुंबरला लागून असलेलं अंकलखोप आलं. वहिनींची मान तेव्हापासून जरा ताठ आहे. "आमच्या औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतंय, तुमच्या भिलारच्या कितीतरी आधीपासून." हेही खरंच आहे. कवी सुधांशूंचं गाव ते, दत्ताच्या घाटाशेजारी. सदानंद साहित्य मंडळाचं ते संमेलन गेली ऐंशीहून जास्त वर्षं तिळगुळाबरोबर चालू आहे. मी काही कमी घेत नाही. मी म्हटलं, आमच्या साताऱ्यात 1993 नंतर थेट 2026 च्या जानेवारीत अखिल भारतीय संमेलन आलं, शाहू स्टेडियम भरून गेलं. "तिथं पोरांना काय घेतलंत?" वहिनींनी विचारलं. मी गप्प बसले, कारण मी स्वतःसाठीच घेतलं होतं.

थोरली आता आठवीत आहे आणि आमची खरी वादावादी तिच्यावरून होते. मागं तिला प्राण्यांचं वेड लागलं. कुणीतरी सुचवलं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' दे. वानरांच्या टोळीची गोष्ट, छोटंसं पुस्तक, 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. वहिनी देणार होत्या, मी म्हटलं, थांबा, आधी तुम्ही वाचा. त्यात नवा हुप्प्या टोळी ताब्यात घेतो आणि जुन्याची पिल्लं मारतो. जंगलात घडतं तसंच लिहिलंय, काही लपवलेलं नाही. पुस्तक अप्रतिम, पण पाचवीतल्या मुलीला रात्री एकटीनं वाचायला द्यायचं नव्हे. आठवीत दिलं. तिनं वाचलं, दोन दिवस कुणाशी फारसं बोलली नाही, मग भिंतीशी येऊन मला विचारलं, "काकू, माणसांतपण असंच असतं का?" मी म्हटलं, इतिहासाचं पुस्तक काढ आणि बघ. या असल्या प्रश्नाला आपण तयार नसू तर ते पुस्तक द्यायला आपण तयार नाही, मुलीचं वय काहीही असो.

'श्यामची आई'चं उलटं झालं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक आपण वाढदिवसाला कागदात गुंडाळून देतो आणि सुट्टीत संपव म्हणतो. थोरली रडून रडून हैराण झाली. "नको बाई हे, पोरगी आजारी पडेल," वहिनी म्हणाल्या आणि पुस्तक वर ठेवून दिलं. पण त्या पुस्तकाची प्रकरणं बघितलीत का? पहिली रात्र, दुसरी रात्र, अशी आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री थोडंथोडं सांगतो. एकटीनं गिळायचं पुस्तकच नाही ते, चार माणसांत बसून ऐकायचं आहे. शेवटी आजींच्या खोलीत रोज एक रात्र वाचायची असं ठरलं. रडणं काही थांबलं नाही, फक्त आता आजीपण रडतात, आणि डोळे पुसून झाले की कोकणातल्या बायका कशा नेसायच्या यावर चर्चा होते.

आजींचं पुढचं प्रकरण तर मला फार आवडतं. त्यांचं माहेर आटपाडीकडचं, शाळा चौथीपर्यंत. लहानपणी कुणाच्यातरी घरी 'चांदोबा' यायचा, तेवढंच काय ते वाचन. आता चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही. नात त्यांना 'बनगरवाडी' मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. हे पुस्तक 1955 चं, आजींच्याच माणदेशातल्या धनगरांच्या वाडीचं, तिथं मास्तर म्हणून गेलेल्या कोवळ्या पोराचं. नातीला अर्ध्या गोष्टी कळेनात. आजी मधेच थांबवायच्या, "आगं, मेंढरं शेतात बसवायची म्हंजे नुसती बसवायची न्हाई. लेंडीचं खत पडतंय, त्याचं शेतकरी धान्य देतो." नात पेन्सिलीनं बाजूला लिहून घ्यायची. वहिनी ओरडल्या, पुस्तकावर लिहायचं नाही! मी म्हटलं, लिहू द्या. दुकानात मिळणारी प्रत सगळ्यांची सारखी, ही आजींची आहे. पुस्तक आपण मुलांना देतो असंच धरून चालतो आपण. इथं ते नातीकडून आजीकडं गेलं आणि आजीकडून भरून परत आलं.

एवढ्या गप्पांत कपडे संपले, वांगी बुडाली. मग वहिनी पुन्हा कोपऱ्यावरच्या कुलपावर आल्या आणि आवाज जरा उतरला. त्यांचे मामा सांगलीत असत. सुट्टीत त्या मामांच्या कार्डावर नगर वाचनालयातून पुस्तकं आणायच्या. 1869 सालची संस्था. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी तिथं शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. त्यांनी लहानपणी वाचलेली त्यांत किती असतील कोण जाणे. "कपाटं बंदच होती ओ ताई," वहिनी म्हणाल्या. "बंद असूनपण गेलीच. जी पुस्तकं कुणीतरी वाचायला घरी नेली होती आणि ते घर उंचावर होतं, तेवढी वाचली."

तेव्हापासून त्या पुस्तक कुणालाही देतात. दोनच अटी: कोणाकडं गेलं ते मागच्या पानावर लिहायचं आणि परत आणताना त्यातलं काय आवडलं नाही ते सांगायचं. आवडलं ते सांगायची सक्ती नाही. या दुसऱ्या अटीमुळं गल्लीतली पोरं पुस्तकांना नावं ठेवायला शिकली आणि नावं ठेवण्यासाठी वाचायला लागली. एका पोरानं एका प्रसिद्ध बोधकथेबद्दल सांगितलं, "शेवटचा परिच्छेद फाडून टाकला तर चांगली आहे." मला त्या पोराला संपादक करावंसं वाटतं.

कोपऱ्यावरच्या पोराचं नाव आम्ही परवाच मागच्या पानावर लिहिलं. त्याच्या आईला विचारून, उघडपणे. त्या म्हणाल्या, "तुमचं पुस्तक मळवलं त्यानं तर?" वहिनींनी त्यांना आपल्या 'फास्टर फेणे'च्या पुस्तकावरचा हळदीचा डाग, चहाचा गोल आणि कुणाच्यातरी बोटाची शाई दाखवली. बाईंनी ते चाळलं, उभ्याउभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "हे मीच आधी नेते." कुलपाची किल्ली अजून निघालेली नाही, पण त्यांना आता आमच्यासारखीच पुढची पानं हवी आहेत.

तर वाचणाऱ्यांनो, एक निरोप. याच फेणेचं आमच्या गल्लीतलं दुसरं एक पुस्तक उन्हाळ्यात कुणाकडं तरी गेलंय ते परत आलेलं नाही. पहिल्या पानावर निळ्या पेनानं सायकल काढलेली आहे. तुमच्या घरी असेल तर मुलाचं वाचून होऊ द्या, तुमचंही होऊ द्या, आणि मग पाठवा. इथं तिसरीतल्या एका पोराचा नंबर लागलाय, त्याच्या मागं त्याची आई आहे.