पंचवीस पानांचं वर्ष

चेकबुक नेमकं कुठे ठेवलंय हे घरात एकाच माणसाला माहीत असतं, आणि तो माणूस सहसा सत्तरीच्या पुढचा असतो. साताऱ्याच्या आमच्या मामांचं चेकबुक लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात, जमिनीच्या उताऱ्यांखाली असतं. सांगलीच्या मावशीचं देवघराखालच्या खणात, पंचांग आणि विम्याच्या पावत्यांच्या मध्ये. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मावशी शाळेत मराठी शिकवायची. दोघांकडे उत्तम फोन आहेत. कोयना धरणात आज किती टीएमसी पाणी आहे हे मामा पावसाळाभर फोनवरच बघतात आणि आम्हाला कळवतात. मावशी रोज सकाळी अख्ख्या गोतावळ्याला सुविचार पाठवते. तेव्हा 'म्हाताऱ्यांना फोन जमत नाही, म्हणून ते चेक लिहितात' हा तरुण मंडळींचा लाडका सिद्धान्त इथेच निकालात काढलेला बरा.

रोजच्या व्यवहाराला मात्र तेही चेक वापरत नाहीत. राजवाड्याजवळ कोथिंबिरीची जुडी घेऊन कोणी चेक फाडला, तर भाजीवाली त्यात मिरच्या बांधून देईल. मामांनी पैशांचे तीन वर्ग पाडलेत. पहिला खिशातला: भाजी, रिक्षा, पाहुण्यांसाठी कंदी पेढे. हा रोखीचा. दुसरा पोरांचा: मोबाइलचं रिचार्ज, रेल्वेचं तिकीट. हे मुलगा पुण्यात बसून फोनवर भरतो, त्यामुळे मामा ते खर्चात धरतच नाहीत. तिसरा वर्ग चेकचा. ज्या पैशाबद्दल पुढे कधी कोणी 'दिले होते का?' असं विचारू शकेल, तो या वर्गात: सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता, घरपट्टी, वाचनालयाला देणगी.

या तिसऱ्या वर्गाचं बजेट रिझर्व्ह बँकेने आखून दिलंय, असं मामा मानतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ज्येष्ठांच्या सोयीसाठी तिने बँकांना काही सूचना दिल्या. मागितल्यास बचत खात्यावर वर्षाला किमान २५ चेक फुकट द्यावेत, ही त्यातली एक. बँकेच्या दृष्टीने ही किमान सोय. मामांच्या दृष्टीने कमाल मर्यादा. सव्विसावा चेक लिहिणं म्हणजे उधळपट्टी. मग बारा पानं सोसायटीची, चार विम्याची, दोन घरपट्टी-पाणीपट्टीची, दोन देणग्यांची. उरलेली पाच राखीव.

राखीव म्हणजे मुख्यतः लग्नं. पाकिटातली नोट कोणाची हे मांडवात कळत नाही, चेकवर निदान नाव असतं, असं मामांचं म्हणणं. पण आहेराचा चेक लिहिणं हे नाजूक काम आहे. नवरीचं माहेरचं नाव लिहावं तर सासरकडचे चेक उलटापालटा करून बघणार. सासरचं लिहावं तर तिच्या खात्यावर तो जमाच होणार नाही, कारण खातं अजून माहेरच्या नावाने. यावर मावशीने तोडगा काढलाय. पत्रिका मिळाली की ती मुलीच्या आईला फोन करते आणि मुहूर्त, कार्यालय वगैरे विचारून झालं की हळूच म्हणते, "अगं, आणि पोरीचं खात्यावरचं नाव काय लिहायचं?" या एका प्रश्नाने आहेराची घोषणाही होते आणि रक्कमही गुलदस्त्यात राहते.

चेक लिहिण्याचा एक विधी असतो आणि तो दुपारचा चहा झाल्यावरच होतो. टेबल पुसायचं. पेन आधी वर्तमानपत्राच्या कडेला चालवून बघायचं. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. मग तारीख, मग नाव आणि नावापुढे उरलेल्या जागेत आडवी रेघ, म्हणजे कोणी नाव वाढवायला नको. मग अक्षरी रक्कम आणि शेवटी ठाशीव 'फक्त'. खाडाखोड चालत नाही. आता चेकचा कागद गावोगाव फिरत नाही, बँक त्याचं चित्र काढून पुढे पाठवते. त्या चित्रात दुरुस्ती म्हणजे संशय. त्यामुळे एक आकडा चुकला की पंचविसांतलं एक पान वाया. मामांच्या घरात या पंधरा मिनिटांत कुकरही शिट्टी द्यायला कचरतो.

मावशीचा जीव अक्षरी रकमेत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा १८८१ चा. त्याचं अठरावं कलम सांगतं, की आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल तर अक्षरातली खरी धरावी. प्रत्यक्षात असा चेक बँक बहुधा परतच करते, पण मावशी प्रत्यक्षाकडे बघत नाही. जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला गणितावर मिळालेला हा विजय आहे. ती रक्कम मराठीतच लिहिते, चालतं तसं. नव्यानेच बदलून आलेल्या काउंटरवरच्या मुलीचा 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' यांत गोंधळ झाला, तेव्हा मावशीने तिथल्या तिथे एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोण म्हणून दाखवले. मागची रांगही पुटपुटत होती. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शक संवतातली तारीख घातलेला चेकही ग्राह्य असतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्या मुलीची दया येते.

पण मामा-मावशींचा सगळ्यात महत्त्वाचा चेक असतो भाऊबिजेचा. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तरी मामांना दर दिवाळीला जाणं जमत नाही. मग ओवाळणी चेकने, पोस्टाने, लाल शाईत 'सौ. ताईस' असं लिहिलेल्या चिठ्ठीसह. हा रिवाज जुना. तेव्हा मामांचं खातं युनायटेड वेस्टर्न बँकेत. ती १९३६ साली साताऱ्यातच निघालेली. मावशीचं सांगली बँकेत. ती १९१६ ची, गावाचंच नाव लावणारी. म्हणजे भाऊ-बहिणीचा व्यवहार म्हटलं तर दोन गावांचाही होता. साताऱ्याच्या बँकेने द्यायचे, सांगलीच्या बँकेने घ्यायचे.

सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. भाऊबीज तीन आठवड्यांवर. पैसे सुरक्षित आहेत हे कळल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला, "ताईचा चेक वटंल ना?" पुढच्या एप्रिलात सांगली बँकही आयसीआयसीआयमध्ये गेली. साडेसहा महिन्यांत दोन्ही गावांच्या बँका नकाशावरून पुसल्या गेल्या. इमारती त्याच, चेहरेही काही दिवस तेच, फक्त पाट्या नव्या. चेकवरचं बँकेचं नाव बदललं, पण घेणारीचं नाव आणि खालची सही तीच राहिली. जुन्या बँकेचे उरलेले कोरे चेक मामांनी अजून जपून ठेवलेत. ते कशाला, असं विचारलं की म्हणतात, "असू देत की. खात नाहीत काही."

ओवाळणीचा चेक मावशी लगेच भरत नाही. आल्या आल्या पैशाला हात लावणं तिला बरं दिसत नाही. पूर्वी चेकची मुदत सहा महिने होती, तेव्हा भाऊबिजेचा चेक गुढीपाडव्यापर्यंत देवघराखाली आरामात राहायचा. १ एप्रिल २०१२ पासून मुदत तीन महिन्यांवर आली आणि बहिणीच्या संकोचाला संक्रांतीची सीमा पडली. तोवर मामांचं पासबुक जुळत नाही. ते दर महिन्याला एन्ट्री मारून आणतात, न जुळणाऱ्या शिल्लकेसमोर पेन्सिलीने टिंब करतात आणि फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणतात, "आणि ते कागदाचं काम केलंस का?" चेक न वटणं १९८९ पासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मामांना पाठ आहे. त्यांना मी एकदा धीर दिला, की ते कलम कायदेशीर देण्यालाच लागू होतं, ओवाळणी ही भेट, तिच्यावर खटला होत नाही. मामा म्हणाले, "सरकारी कोर्टाचं मला काय सांगतोस? सांगलीच्या कोर्टाचं बोल."

हसण्यावारी न्यावी अशी नसलेली गोष्ट एकच: सही. मामांचा हात अलीकडे थरथरतो. एका शाखेतून चेक परत आला, 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन. मामांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. घर, जमीन, मुलांचे दाखले, सगळं ज्या सहीने उभं राहिलं, ती सही आता त्यांचीच नाही असं कोणीतरी छापून कळवलं होतं. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी नियम आहे. दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवता येतो, हाताचा जमत नसेल तर पायाचाही. हे ऐकून मामा उसळले. "पायाचा? म्हणजे आता बँकेनं माझ्या पाया पडायचं ठेवलं!" शेवटी मावशीने फोनवरून उपाय सांगितला, शिक्षिकेचाच: बँकेत जा, नवी सही नोंदवा, आणि साधी ठेवा, जोडाक्षरं गाळा. आता मामा आडनावाशिवाय सही करतात आणि आपण जरा तरुण झालो असं म्हणतात.

जगात इतरत्र चेकचे दिवस भरत आलेत. न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी २०२१ मध्ये चेक बंदच केले. इंग्लंडमध्ये २०१८ पर्यंत चेक संपवायचं असं २००९ मध्ये ठरलं होतं, पण ज्येष्ठांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या बाजूने एवढी ओरड झाली की २०११ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. ही हकिगत मामांना फार आवडते. दीडशे वर्षं राज्य करून इंग्रजांनी एवढं एक काम बरं केलं, असं ते म्हणतात. आपल्याकडे चेक कोणी बंद केला नाही, उलट पळायला लावला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मार्गी लागतो. पूर्वी शुक्रवारी चेक द्यावा, सोमवारी खात्यात पैसे टाकावेत, अशी सभ्य उसंत असायची. ती गेली.

तरी मामा चेकच का लिहितात, हे मी त्यांना शेवटी सरळ विचारलं. ते म्हणाले, "फोनवर पैसे जातात रे. चेकनं मी देतो." मागे वळून विचार करायला, बायकोला विचारायला, प्रसंगी पाकीट दोन दिवस टेबलावर ठेवायला मिळणं, हीच या वयातली श्रीमंती असावी. अनोळखी आवाज फोन करून घाबरवतो आणि पाच मिनिटांत पैसे पाठवा म्हणतो. मामांना पाच मिनिटांत पेनही सापडत नाही. त्यांचं अर्धं संरक्षण तिथेच होतं.

गंमत म्हणजे तरुणांनाही चेक लागतोच, फक्त मेलेला. मामांच्या नातवाला पहिली नोकरी लागली. कंपनीने पगाराच्या खात्यासाठी रद्द केलेला चेक मागितला. तो कोरं करकरीत चेकबुक घेऊन साताऱ्याला आला. "आबा, यावर कॅन्सल्ड कसं लिहायचं?"

"पहिलंच पान रद्द करायचं? अपशकुन आहे," आबा म्हणाले. "आधी एक खरा लिही. माझ्या नावानं. एकशे एक रुपये फक्त."

टेबल पुसलं गेलं, पेन चालवून बघितलं गेलं. आबांच्या देखरेखीखाली पोराने जीभ दातात धरून रेघा मारल्या, नाव लिहिलं, अक्षरी रक्कम लिहिली. मग दुसऱ्या पानावर त्याला हवं होतं ते लिहून तो खूश झाला. पहिला चेक आठवण म्हणून ठेवतील अशी त्याची समजूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बँकेत गेले, आणि संध्याकाळच्या आत नातवाच्या फोनवर मेसेज: आपल्या खात्यातून १०१ रुपये वजा.

"आबा, तुम्ही खरंच भरलात?"

"लिहिलास ना खरा? मग वटणारच की," आबा म्हणाले, आणि पासबुकावर एन्ट्री मारून घ्यायला परत बँकेकडे निघाले.