भुलीत केलेली निवड

अमेरिकेत विमा कंपनीच्या यादीतले रुग्णालय निवडले, तरी तिथला भूलतज्ज्ञ यादीत असेलच असे नसे. त्याचे वेगळे बिल नंतर टपालाने येई. टेबलावर आडव्या पडलेल्या रुग्णाने आधीच चौकशी करायला हवी होती, असा हिशेब. १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट’ लागू झाला. अशा परक्या डॉक्टरांसाठी आणि आपत्कालीन उपचारांसाठी रुग्णाने यादीतल्या सेवेइतकाच वाटा भरायचा. उरलेल्या रकमेवरून डॉक्टर आणि कंपनीने लवादापुढे भांडायचे. ती हौस दोघांनी सरकारी अंदाजाच्या कितीतरी पट भागवली. हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्स या कायद्यात येते, रस्त्यावरून धावणारी येत नाही. काही राज्यांनी स्वतःचे नियम करून ही फट बुजवली आहे. इतरत्र रुग्णाने शक्यतो उडत जावे.