बिनतारी पंत

बर्फाळ डोंगरात स्नोमोबाइल घेऊन भटकणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक बिनतारी पंत असतात. त्यांना जात, धर्म, देश असलं काही नसतं. इडाहोत मी पाहिलेल्यांपैकी एक बटाट्याचे बागायतदार होते, एक दातांचे डॉक्टर होते, आणि आमच्या टोळक्यातले तर अस्सल सातारकर, बॉयसीला मेमरी चिपच्या कारखान्यात नोकरी करणारे. ऑक्टोबरात मकॉलच्या डोंगरमाथ्यांवर पांढरी कड दिसू लागली की बाकीची मंडळी मशीनचा पट्टा, तेल, प्लग बघायला लागतात. पंतांचा मात्र निरोप येतो : "यंदा सगळ्यांनी एकसारखे रेडिओ घ्यायचे. थांबा, मी अभ्यास करतो."

हा अभ्यास मोसम संपेपर्यंत चालतो.

पंतांची मागणी तशी अगदी रास्त असते. पेयेट सरोवराच्या कडेनं वॉरन वॅगन रोडवर जिथपर्यंत सरकार बर्फ काढतं, तिथं गाड्या लावायच्या आणि पुढं बर्गडॉर्फच्या गरम पाण्याच्या कुंडाकडं स्नोमोबाइलवरून जायचं. त्या रानात मोबाइलचा काही भरवसा नाही. बुडाखाली साडेआठशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डोक्यावर हेल्मेट, तेव्हा ओरडून उपयोग शून्य. पुढचा गडी एखाद्या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याशी साठलेल्या भुसभुशीत बर्फात मशीनसकट उलटा झाला, तर मागच्याला कळवायला रेडिओच हवा. हे कोणालाही पटेल. पंतांचं एवढ्यावर भागत नाही, हाच काय तो प्रश्न.

ते रेडिओ स्थळासारखे बघतात. वजन किती, उंची किती, घराणं कुठलं, थंडी सोसेल का, पडलं-झडलं तर निभावेल का. पसंती कोणालाच द्यायची नाही, पण बघण्याचे कार्यक्रम चालू ठेवायचे. खोक्यावर 'छत्तीस मैल' छापलेलं दिसलं की पंत फार हळवे होतात. मग आम्हा अज्ञ जनांना समजावून सांगतात, की हे छत्तीस मैल म्हणजे एक माणूस एका शिखरावर, दुसरा दुसऱ्या शिखरावर, हवा लख्ख आणि मधे काही म्हणजे काही नाही. अशा दोघांना एकमेकांशी बोलायचं तरी काय असणार, हे पंत सांगत नाहीत. आम्ही दोघे नेहमी एकाच ओढ्याच्या दोन वळणांवर असतो आणि मधे डोंगराची सोंड असते. या लहरी सरळ रेषेत जातात, दोन वॅटचे पाच वॅट केले म्हणून डोंगर बाजूला सरकत नाही. हे पंतांनीच मला शिकवलं आणि लगेच पाच वॅटचा रेडिओ मागवला.

सरकारी नियमांवर तर त्यांचं निरूपण ऐकावं. एफआरएस म्हणजे बिनपरवान्याचा, जास्तीत जास्त दोन वॅट, अँटेना काढता येत नाही. एमयूआरएस म्हणून आणखी एक आहे, पाच चॅनलचा. तो पंत एका वाक्यात उडवतात, कारण त्यांच्याकडं तो नाही. हॅम रेडिओला परीक्षा : पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास. पंत परीक्षेला बसले, पास झाले. टोळक्यात दुसरं कोणीच बसलं नाही. त्यामुळं आमच्यातला सगळ्यात भारी रेडिओ त्यांच्याकडं आहे आणि त्यावर बोलायला त्यांना माणूस नाही. कधीकधी पार्किंगमध्ये ते तो नुसता कानाला लावून उभे असतात.

इतिहासाचा विषय निघाला की मात्र मी त्यांच्यापुढं हात टेकतो. ब्रिटिश कोलंबियात डोनाल्ड हिंग्ज नावाच्या गृहस्थानं 1937 साली खाणकंपनीच्या माणसांसाठी आडरानात नेता येईल असा दुतर्फा बोलायचा रेडिओ बनवला. त्याच साली तिकडं क्वेबेकमध्ये जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियेला बर्फावरून धावणाऱ्या गाडीच्या चाक-पट्ट्याचं पेटंट मिळालं. दोघंही कॅनडाचे, दोघांनाही रस्ता नसलेल्या मुलखाची काळजी. पंत हे सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की तिसरा कोणी असेल तर तो यायचा आहे, आणि त्याच्याकडं साताऱ्याचा दाखला असणार. पुढं महायुद्धात मोटोरोलानं सैनिकांच्या पाठीवर पंधरा-सोळा किलोंचा रेडिओ दिला. पंतांच्या पाठीवर आज जेवढं असतं त्याचं वजन मी केलेलं नाही, पण तो सैनिक मला फारसा बिचारा वाटत नाही.

त्यांच्या छातीवरच बघा ना. एका पट्ट्यावर रेडिओचा माइक, दुसऱ्यावर दुसऱ्या रेडिओचा माइक, खिशात फोन, उपग्रहावरून निरोप धाडणारं नारिंगी डबडं, गरम हातमोज्यांच्या बॅटऱ्या, आणि या सगळ्याच्या मधोमध हिमस्खलनात गाडलं गेल्यावर माणूस सापडावा म्हणून लावायचा बीकन. हा बीकन 457 किलोहर्ट्झवर काम करतो आणि त्याला शेजारपाजारची इलेक्ट्रॉनिक गडबड खपत नाही. नुसता चालू असेल तर बाकीची उपकरणं वीस सेंटिमीटर लांब, शोध घेत असाल तर पन्नास सेंटिमीटर लांब, असा साधा नियम आहे. पंतांना तो तोंडपाठ आहे. अडचण इतकीच, की पंतांची छाती तेवढी रुंद नाही.

मध्यंतरी त्यांनी बटण न दाबता बोलण्याची सोय वापरून पाहिली. तोंड उघडलं की रेडिओ आपोआप चालू होतो. इंजिन सुरू झालं तरीही होतो. तो अख्खा दिवस आम्ही चॅनलवर पंतांचा सायलेन्सर ऐकत होतो. चढावर घर्रर्र, उतारावर फट् फट्, मधेच एक शिंक. दुसऱ्या कोणाला शब्द घुसवायला जागा नव्हती. नंतर आणलेला हेल्मेटमधला इंटरकॉम बरा होता. त्यावर फक्त त्यांचा श्वास आणि गुणगुणलेलं नाट्यसंगीत यायचं. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात म्हणून सगळे रेडिओ ते बंडीच्या आत, पोटाशी ठेवतात. हे मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आम्ही सगळेच पूर्वी तसं करायचो. त्यांच्या पोटाशी जागा कमी पडते, म्हणून एक माझ्याकडं असतो.

पण पंतांचा खरा जीव आहे तो 'प्रायव्हसी कोड'वर. चॅनल बावीसच, पण प्रत्येकावर कोड लावता येतात. कोड लावला की आपलं बोलणं खासगी झालं, असं नाव वाचून कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कोड फक्त आपल्या कानाला बोळा घालतो. तो कोड नसलेलं दुसऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. आपलं बोलणं मात्र कोड न लावलेल्या सगळ्या जगाला स्वच्छ ऐकू जातं.

एकदा पंतांनी पार्किंगमध्ये आम्हाला कोड सांगितला. तो लावायची खटपट आमच्यापैकी एकानंही केली नाही. वर एका मोठ्या उतारावर दुसरं एक तरुण टोळकं मशीन उडवत होतं. पंत रेडिओवर सुरू झाले, "त्या निळ्या जॅकेटवाल्याला बघा. अंगात ताकद आहे, डोक्यात नाही. आता अडकतोय बघा." लगेच दुसरा आवाज आला, "नमस्कार, निळं जॅकेट बोलतंय." आम्ही जागच्या जागी थिजलो. पंत पुढं चालूच, "आणि मशीन केवढं महागाचं! बापाचं असणार." निळं जॅकेट अदबीनं म्हणालं, "सासऱ्यांचं आहे." असं बराच वेळ चाललं. त्या पोराला आणि आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या, पंतांना फक्त स्वतःची. आमच्या हाका त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या, तेव्हा संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष काढला, की आमचे रेडिओ कुचकामी आहेत. खुलासा केल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी जास्त कोडांचा रेडिओ घेतला.

आमच्या टोळक्याच्या म्होरक्या म्हणजे मकॉलमध्येच जन्मलेल्या, साठी उलटलेल्या एक बाई. त्यांनी कधी अभ्यास केला नाही. सॅकच्या पट्ट्यावर माइक, रेडिओ सॅकच्या आत, आवाज आणि चॅनल माइकवरच बदलता येतात, बटण जाड हातमोज्यातून लागतं, परवाना नको. असा बीसी लिंक नावाचा रेडिओ त्यांनी घेतला, मग हळूहळू पंत सोडून आम्ही सगळ्यांनी तोच घेतला. निघण्याआधी चॅनल ठरवायचं, एकेकानं बोलून दाखवायचं, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलायचं, वाक्य संपल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्यांची शिस्त. शेवटची सूचना मला आणि पंतांना विशेष लागू. आम्ही मराठीत बोलतो आणि घाईत बटण सोडलं की 'इकडून उतरू नका' मधलं 'नका' गळून पडतं. बाईंना हा धोका नाही. त्या दिवसभरात दहा-बारा शब्द वापरतात.

पंत सध्या जीएमआरएसवर आहेत. त्याचा परवाना पस्तीस डॉलरचा, दहा वर्षांचा, परीक्षा नाही. आणि एका माणसाच्या परवान्यावर नवरा-बायको, मुलं-नातवंडं, आई-वडील, आजी-आजोबा, भावंडं, काका-मामा, पुतणे-भाचे आणि सासरची माणसं, सगळ्यांना बोलायचा हक्क! अमेरिकेच्या सरकारनं एकत्र कुटुंब इतक्या मनापासून मान्य केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. अट एकच, पंधरा-पंधरा मिनिटांनी आणि बोलणं संपताना आपलं कॉल साइन म्हणायचं. पंतांनी ते घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. कराडहून आलेल्या सासूबाईंनी अथर्वशीर्षाच्या खालोखाल तेच पाठ केलंय.

परवा परतीच्या वाटेवर सरोवर दिसू लागलं, तसा सगळ्यांच्या माइकवर सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. आमचे रेडिओ आणि त्यांचा रेडिओ एकाच चॅनलवर, त्यामुळं ऐकू येणारच. "जावईबापू, पिठलं टाकलंय. भाकऱ्या किती जणांच्या थापू?" पंत पुढं होते, नव्या रेडिओवर, नव्या कोडसह. ढिम्म. सासूबाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना 'जावईबापू' गळलं होतं. म्होरक्या बाईंनी मशीन थांबवून माझ्याकडं पाहिलं. काय म्हणतायत ते मी सांगितलं. त्यांनी मागं वळून एकेक हेल्मेट मोजलं, बटण दाबलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नाइन."

"नऊ. बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि कॉल साइन एका अक्षराचीही चूक न करता म्हणून टाकलं.